बिऱ्हाड हलवताना: इच्छापोर ते खानदेश

घरसामान हलवायला भाडे किती पडेल, वाटेत काही फुटले तर भरपाई कोण देईल आणि वाद ग्राहक आयोगापर्यंत गेला तर तिथे काय टिकेल, हे सगळे सामानाच्या यादीवर ठरते. बहुतेक कुटुंबे ही यादी स्वतः करत नाहीत. ट्रक भरता भरता मुकादम जी लिहितो तिच्यावर सही करून मोकळी होतात. त्या यादीत ‘खोके 22, गादी 3, कपाट 1’ एवढेच असते. कपाटाला आरसा होता का, खोक्यात काचेची भांडी होती की पुस्तके, टीव्ही चालू स्थितीत होता का, यांपैकी कशाचाच उल्लेख नसतो. त्यामुळे वाहतूकदार शोधण्याच्याही आधी वहीपेन घेऊन घरातल्या प्रत्येक खोलीतून फिरावे लागते.

सुरतेच्या पश्चिमेला हजीरा रस्त्यावर वसलेल्या इच्छापोरमध्ये अशी स्थलांतरे सतत होतात. कृभकोचा खतकारखाना, लार्सन अँड टुब्रो, आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टील, एनटीपीसीचा कवास वीजप्रकल्प असे हजीरा पट्ट्यातले मोठे उद्योग इथून जवळ आहेत. खुद्द इच्छापोरला हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र पार्क आहे. बदली, नवी नोकरी किंवा कंत्राट संपणे ही घर बदलण्याची इथली नेहमीची कारणे. सुरतेतल्या मराठी वस्तीचा मोठा भाग धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेला असून तो लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत, म्हणजे तापीच्या पलीकडच्या तीरावर राहतो. त्यामुळे इच्छापोरच्या मराठी कुटुंबाचे सामान सहसा दोन दिशांना जाते. एक तर पूल ओलांडून शहरातल्या शहरात, नाही तर थेट खानदेशात. खानदेशाची वाट सरळ आहे. हजीऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग 53 बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला महाराष्ट्रात शिरतो आणि कोंडाईबारी घाट, साक्री, धुळे, जळगाव, भुसावळ असा पुढे थेट ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जातो. हजीऱ्यापासून महाराष्ट्राची हद्द सुमारे 130 किलोमीटरवर आहे. धुळ्याला एका दिवसात सामान पोहोचते, जळगावलाही पहाटे निघाल्यास पोहोचू शकते.

शहरातल्या शहरात हलवायचे असेल तर पॅकर्स-मूव्हर्स कंपनीची गरज बहुतेक वेळा नसते. एक टेम्पो, दोन-तीन हमाल आणि घरची माणसे एवढ्यावर काम होते. 2005 मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसला सगळा हिंदी पट्टा आणि गुजरात ‘छोटा हाथी’ म्हणतो. त्यात साधारण पाऊण टन माल बसतो. एका खोलीचे किंवा बेताच्या वन बीएचकेचे सामान त्यात मावते, पण लोखंडी कपाट, डबल बेड आणि सोफा असे तिन्ही असतील तर दुसरी खेप ठरलेलीच. अशा वेळी छोट्या टेम्पोच्या दोन खेपांपेक्षा टाटा 407 किंवा 14 फुटी आयशरची एक खेप पुष्कळदा स्वस्त पडते. वेळही वाचतो आणि हमालांना दोनदा चढउतार करावी लागत नाही. हजीरा रस्त्यावर दिवसरात्र ट्रेलर धावतात आणि पाळी बदलताना कामगारांच्या बसगाड्यांची भर पडते, म्हणून सकाळी लवकर किंवा दुपारच्या निवांत वेळी निघणे सोयीचे. सोसायटीच्या लिफ्टने सामान नेता येते का, कोणत्या वेळेत, त्यासाठी आधी अर्ज लागतो का, हे दोन्हीकडच्या सोसायटीत विचारून ठेवावे. जिन्याचे वळण आणि नव्या घराचे दार टेपने मोजावे. पाचव्या मजल्यावर सोफा दारात अडकला की हमाल जादा पैसे मागतात, आणि ते मागणे अन्यायाचेही नसते.

परगावी जायचे असेल तर चित्र बदलते. फोनवर सांगितलेला दर हा दर नव्हे, अंदाज असतो. खरा दर घर पाहून किंवा निदान व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली, बाल्कनी आणि माळा दाखवून घ्यावा. माळ्यावरचे सामान दाखवायचे राहून जाते आणि ट्रक भरण्याच्या दिवशी नेमका तोच वादाचा विषय होतो. दर मागताना आपण केलेल्या यादीची एकच प्रत तीन-चार वाहतूकदारांना द्यावी, तरच आकडे तुलनेला येतात. लेखी दरात गाडीचा आकार, सामान एकट्याचे जाणार की पार्ट लोडमध्ये, वेष्टनाचे साहित्य, पलंग-कपाट सुटे करणे व जोडणे, दोन्हीकडचे मजले, टोल, चढाई, उतराई आणि कर हे सगळे आलेले असावे. पार्ट लोड स्वस्त पडतो, कारण एका गाडीत अनेकांचे सामान जाते. पण सामान वाटेत गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढू शकते, आणि प्रत्येक चढउतारीबरोबर तुटफूट व अदलाबदलीचा धोका वाढतो. धुळे-जळगावएवढ्या अंतरासाठी परवडत असेल तर स्वतंत्र गाडीच घ्यावी.

दिवस निवडतानाही पैसे वाचतात. महिनाअखेर, मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीच्या आगेमागे गाड्यांची ओढाताण असते. गुजरातेत डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा काळ कमुरता म्हणून शुभकार्यांना वर्ज्य मानतात. त्या दिवसांत किंवा पितृपक्षात गृहप्रवेश टाळणारे अनेक असल्याने मुहूर्ताची अडचण नसलेल्या कुटुंबाला गाडी सहज मिळते आणि भावही उतरवून घेता येतो.

या धंद्यात प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत, पण फसवणुकीची एक पद्धत देशभर चालते आणि तिचा तडाखा बदलीवर निघालेल्या, घाईत असलेल्या कुटुंबांना बसतो. फोनवर फार कमी दर सांगायचा, सामान गाडीत चढले की वजन जास्त भरले, विमा राहिला, कर वेगळा असे म्हणून दुप्पट रक्कम मागायची, आणि ती मिळेपर्यंत गाडी कुठल्या तरी गोदामात उभी करायची. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदलून घेतलेली नावे अशा वेळी कामाला येतात. चौकशी अवघड नाही. जीएसटी क्रमांक 15 अक्षर-अंकांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: गुजरातचे 24, महाराष्ट्राचे 27. सुरतेचे कार्यालय सांगणाऱ्याच्या बिलावर भलत्याच राज्याचा अंक असेल तर कारण विचारावे. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणीचे नाव आणि पत्ता विनामूल्य दिसतो. पत्ता इच्छापोर, पाल किंवा अडाजणसारखा जवळचा असेल तर जाऊन पाहावा. गाडी येईल ती पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक परवान्याची असावी आणि दुसऱ्या राज्यात जाण्याचा परवाना तिच्याकडे असावा. भरण्यापूर्वी नंबरप्लेट, चालकाचा परवाना आणि मोबाइल क्रमांक यांचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाकडे पाठवून ठेवावा. पैसे टप्प्यांनी द्यावेत. थोडा इसार, भरल्यावर काही भाग आणि उरलेले सामान उतरून यादीशी ताडल्यावर. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नकार देणेच बरे.

सामान ताब्यात घेताना वाहतूकदार जी पावती देतो तिला धंद्यात बिल्टी म्हणतात. ती म्हणजे केवळ पोच नव्हे. 1865 चा जुना वाहतूकदार कायदा रद्द करून आलेला रस्ते मालवाहतूक कायदा 2007 सालचा आहे. त्यानुसार माल पाठवणाऱ्याने मालाचा तपशील व किंमत लिहून द्यायची असते आणि वाहतूकदाराने पावती द्यायची असते. या कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत घरसामान पाठवणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी एक तरतूद आहे. मालाची जास्त किंमत लेखी जाहीर केलेली नसेल, तर नुकसानीची वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. भाडे 12,000 रुपये असेल तर मर्यादा 1,20,000 रुपये. गाडीला आग लागली किंवा ती पुरात सापडली तर फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, लाकडी सामान आणि कपडे यांची एकत्रित किंमत या आकड्याच्या सहज पुढे जाते. म्हणूनच यादीत प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे तिची आजची किंमत लिहावी आणि ती यादी बिल्टीला जोडून दोघांच्या सह्या घ्याव्यात. किंमत जाहीर केल्यावर वाहतूकदार जादा आकार घेऊ शकतो, पण तो देण्यालायक आहे.

विम्याबद्दलचा घोळ याच ठिकाणी होतो. अनेक वाहतूकदार सामानाच्या किमतीवर ठरावीक टक्का ‘विमा’ म्हणून लावतात, पण विमा कंपनीची पॉलिसी काढतच नाहीत. ती रक्कम त्यांच्याकडेच राहते. खरी पॉलिसी विमा कंपनीच्या नावाने येते. तिच्यावर क्रमांक, प्रवासाची सुरुवात व शेवट आणि विमा उतरवलेल्या वस्तूंची यादी असते. ट्रक निघण्याआधी ती हातात पडली नाही, तर विमा नाही असे समजून चालावे. ‘मालकाच्या जोखमीवर’ असे शब्द पावतीवर छापलेले असतील तर ते सही करण्यापूर्वी खोडून घ्यावेत, वाहतूकदाराने नकार दिल्यास दुसरा पाहावा.

राज्याची हद्द ओलांडताना कागदांचा धाक घालून पैसे उकळण्याचे प्रकारही होतात. जीएसटीच्या नियमांत वापरलेल्या घरगुती व वैयक्तिक सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. कोऱ्या खोक्यातला नवा टीव्ही मात्र वापरलेले सामान ठरत नाही, त्याचे खरेदीबिल बरोबर असावे. उलट दिशेने, महाराष्ट्रातून इच्छापोरला येणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि 1949 च्या कायद्याने बाटली बाळगणे व आणणे हा गुन्हा ठरतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरातल्या कपाटात ठेवलेली भेटीची बाटली सामानाबरोबर नकळत खोक्यात गेली, तर हद्दीवरच्या तपासणीत चालक आणि कुटुंब दोघेही अडचणीत येतात.

बांधाबांध कमी वापराच्या वस्तूंपासून सुरू करून रोजच्या वस्तूंवर संपवायची असते. आधी माळा, मग पुस्तके, जादा अंथरुणे, सणांची भांडी; शेवटी स्वयंपाकघर. न लागणारे सामान याच वेळी बाजूला काढावे, कारण भाडे जागेवर लागते आणि मोडक्या टेबलालाही गाडीत तेवढीच जागा लागते. पुस्तके मोठ्या खोक्यात भरण्याची चूक सर्रास होते. असे खोके उचलताच बूड फाटते. पुस्तकांना लहान खोके आणि मोठ्या खोक्यांत उशा, कपडे, प्लॅस्टिकचे डबे अशी विभागणी असावी. एका माणसाला जिन्यावरून सहज नेता येईल एवढेच वजन एका खोक्यात, म्हणजे 15 ते 20 किलो, त्यापलीकडे नाही. पुठ्ठ्याचे खोके तीन, पाच किंवा सात थरांचे मिळतात. लांबच्या प्रवासाला आणि जड सामानाला पाच थरांचे खोके घ्यावेत, किराणा दुकानातले वापरलेले खोके फक्त हलक्या सामानासाठी. ताटे-बशा आडव्या न रचता उभ्या लावल्या तर कमी फुटतात. प्रत्येक दोन बशांमध्ये कागद, तळाशी आणि वर जुन्या साड्या-चादरींचा जाड थर, आणि खोका हलवला तर आतून आवाज येता कामा नये. लोणच्याच्या बरण्या, तेलाचे डबे, फिनेल हे कपड्यांच्या शेजारी कधीच नकोत. प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि नव्या घरातली खोली वरच्या नव्हे, बाजूच्या पृष्ठावर लिहावी. खोके एकावर एक रचले की वरची अक्षरे दिसत नाहीत. तोच क्रमांक यादीत.

यंत्रांची तयारी आदल्या दिवशी सुरू होते. फ्रिज निदान 24 तास आधी बंद करून बर्फ वितळू द्यावा, पुसून कोरडा करावा, आतली काचेची फळी वेगळी गुंडाळावी. तो गाडीत उभाच न्यावा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत शिरू शकते. नव्या घरात उभा करून काही तास थांबल्यावरच सुरू करावा. समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या मागे ड्रम जखडणारे बोल्ट असतात. मशीन घेतले तेव्हा ते काढलेले असतात आणि बहुतेक घरांत हरवतात. ते न लावता मशीन दीडशे-दोनशे किलोमीटर नेले तर लोंबणारा ड्रम गचके खात जातो आणि शॉक ॲब्सॉर्बर निकामी होतात. एसी काढताना मेकॅनिकने वायू आधी बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो. घाईत नळी कापणारा माणूस नवा वायू भरण्याचा खर्च गळ्यात मारतो. टीव्ही त्याच्या मूळ खोक्यात, उभा, गाद्यांच्या मध्ये. इन्व्हर्टरची बॅटरी आम्लाची असते, ती सरळ उभी, टोके टेपने झाकून, बाकी सामानापासून लांब न्यावी.

गॅसबाबत सुरतेहून निघणाऱ्यांसाठी खास सावधगिरी आहे. इथे अनेक घरांत पाइपलाइनचा नैसर्गिक वायू आहे. तो कमी दाबाने येतो आणि त्याची उष्णताही एलपीजीपेक्षा कमी असते, म्हणून शेगडीच्या जेटची छिद्रे मोठी केलेली असतात. तीच शेगडी धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या घरात सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते, भांडी काळी पडतात आणि भाजण्याचा धोका उभा राहतो. नव्या गावी जेट बदलून घेतल्याशिवाय शेगडी पेटवू नये. गॅस गीझर असेल तर त्यालाही हेच लागू. पाइपलाइनची जोडणी कंपनीच्या माणसाकडूनच तोडून घ्यावी आणि शेवटचे बिल भरून अनामत परत मागावी. ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांनी तो सामानात घालू नये. वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे. त्यावर अनामत परत मिळते आणि नव्या गावी जोडणी घेताना तेच लागते. पेट्रोल, रॉकेल, फटाके, रंगाचे डबे हेही गाडीत चढू नयेत.

दागिने, रोकड, सातबारा, शाळेचे दाखले, औषधे, लॅपटॉप आणि देव्हाऱ्यातले चांदीचे देव कुटुंबाने स्वतःबरोबर न्यायचे असतात. अशा वस्तू गाडीत ठेवून हरवल्या तर त्यांची भरपाई मिळवणे फार कठीण.

जुलै-ऑगस्टचे महिने टाळता आले तर टाळावेत. दक्षिण गुजरातचा पाऊस मुसळधार असतो. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला, हे तेव्हाच्या रहिवाशांना अजून आठवते. पावसात निघणे भाग असेल तर बंद कंटेनरची गाडी घ्यावी. उघड्या गाडीला दुहेरी ताडपत्री लागते आणि ती खालीही अंथरावी लागते, कारण चाकांनी उडवलेले पाणी फळ्यांच्या फटींतून वर येते. गाद्या आणि पुस्तके आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग खोक्यात.

गाडी भरताना जड सामान केबिनच्या बाजूला आणि तळाशी जाते. कपाटे भिंतीला टेकवून दोराने आवळतात, फटींत गाद्या-उशा खोचतात, काचेचे खोके सगळ्यांत वर. दोन्ही बाजूंचे वजन सारखे नसेल तर कोंडाईबारीच्या वळणांवर सामान एका अंगाला सरकते आणि खालचे खोके चेपतात. चांगला मुकादम हे न सांगता करतो. त्याचे कौशल्य मान देण्यासारखे आहे, आणि पाणी-चहा देऊन त्याला शांतपणे काम करू देणारे घर शेवटी स्वतःचाच फायदा करून घेते. भरण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या वस्तूचा चारही बाजूंनी फोटो काढावा. यादीत ‘डाव्या कोपऱ्याला जुना ओरखडा’ असे लिहिलेले असले की नंतर वाद उरत नाही.

महाराष्ट्रात उतरताना वाराईचा प्रश्न येऊ शकतो. वाराई म्हणजे माल उतरवण्याची मजुरी. ज्या माथाडी-हमालांच्या कष्टांवर बाजारपेठा चालतात, त्यांना संरक्षण देणारा कायदा अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 मध्ये झाला आणि तो अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या नावाचा आधार घेत काही टोळ्या घरगुती सामानाच्या गाड्या अडवून, काम न करता पैसे मागतात. हे खंडणी उकळणे आहे. करारात उतराई वाहतूकदाराच्या माणसांकडे असल्याचे लिहिलेले असावे, आणि कोणी अडवलेच तर 112 वर पोलिसांना बोलवावे.

सामान उतरल्यावर प्रत्येक क्रमांक यादीशी ताडून मगच बिल्टीवर सही करावी. काही फुटले किंवा कमी असेल तर ते बिल्टीवरच लिहावे आणि फोटो घ्यावेत. ‘सामान बरोबर मिळाले’ असा छापील मजकूर असेल तर त्याच्या शेजारी कमतरता नोंदवूनच सही करावी. वाहतूकदारावर दावा लावायचा असेल तर माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यावीच लागते, नाही तर दावा उभाच राहत नाही. तोंडी आश्वासनांत हे दिवस निघून जातात, म्हणून पहिल्याच आठवड्यात पोचपावतीसह पत्र पाठवावे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार जिल्हा आयोगापुढे स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावला गेलेल्या कुटुंबाला जळगावातच करता येते. मुदत दोन वर्षांची. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्कही नाही. गाडी अडवून ठेवणाऱ्या वाहतूकदाराचा प्रकार मात्र वेगळा. विश्वासाने सोपवलेला माल वाहतूकदाराने लाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि त्यासाठी थेट पोलिसांत जाता येते.

दुचाकी रेल्वेच्या पार्सलने पाठवायची असेल तर पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि नोंदणीपत्राची प्रत लागते. सुरत-भुसावळ मार्ग नंदुरबार, अमळनेर, जळगाव ही खानदेशातली बहुतेक मोठी गावे जोडतो. जीजे-05 ची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल, तर सुरतेच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन नव्या जिल्ह्यात, धुळ्यास एमएच-18, जळगावास एमएच-19, नंदुरबारास एमएच-39 अशी नोंदणी करून घ्यावी लागते. मतदारयादीतला पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक 8 भरायचा. वीजमीटरचे शेवटचे वाचन घरमालकासमोर फोटो काढून नोंदवावे आणि अनामत रकमेचा हिशेब किल्ल्या देण्यापूर्वीच पुरा करावा.